नाखवा सिस्टर आणि न सांगायची दुखणी

आमच्या दवाखान्यात येणारी माणसं दारात चपला काढतानाच आवाज खाली आणायची. नौपाड्यात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेर बाकडी, बाकड्यांवर मांडीत मूल घेतलेल्या आया आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलेले बाप. मी लहान मुलांचा सर्जन. हर्निया, अपेंडिक्स वगैरे करायचो, पण माझ्याकडे जास्त करून यायचे ते मुलगे, ज्यांच्या जन्मतःच्या तक्रारीचं नाव घरात कुणी घ्यायला तयार नसे. "डॉक्टर, बाळाला जरा तिकडचा प्रॉब्लेम आहे," एवढं बोलून बाप खिडकीबाहेर बघायचा. एकांनी तर कागदावर लिहून, घडी घालून, पेपरवेटखाली सरकवलं होतं. एक आजी म्हणाल्या होत्या, "देवानं शेवटचं काम घाईत उरकलंय हो."

अशा वेळी आतल्या दारातून ठणठणीत आवाज यायचा, "शूच्या जागेचं आहे की गोळ्यांचं?"

बाहेरची बाकडी चिडीचूप व्हायची. मग कुणीतरी खुदकन हसायचं, आणि पेपरवेटखाली कागद सरकवणारा माणूस नीट बोलायला लागायचा. "शूच्या जागेचं, सिस्टर."

"मग या आत. त्यात लाजायचं काय? नाकाचं असतं तर लाजला असता का?"

त्या पार्वती नाखवा. सगळे त्यांना नाखवा सिस्टर म्हणत. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. वडिलांची होडी, आईची मार्केटात मासळीची पाटी, आणि घराण्यात पहिली नर्स ही. सरकारी हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात पंधरा वर्षं काढून माझ्याकडे आल्या तेव्हा त्या अडतिशीच्या होत्या आणि मी नुकतीच पाटी लावलेली. सव्वीस वर्षं राहिल्या. बुटक्या, सावळ्या, कडक इस्त्रीची पांढरी साडी, अंबाड्यात अबोलीची वेणी. त्यांच्याकडे दोन मराठी होत्या. पेशंटांशी बोलायची नौपाड्याची, आणि चिडल्या किंवा फार माया आली की आपोआप बाहेर पडायची कोळीवाड्याची. कुठली मराठी चालू आहे यावरून मला दिवसाचा अंदाज यायचा.

मुलांना त्या माशांची नावं द्यायच्या. गुटगुटीत असेल तो पापलेट, काटकुळा असेल तो बोंबील, पाय पोटाशी घेऊन झोपणारा कोलंबी. ऑपरेशनं मी जवळच्या नर्सिंग होममध्ये करायचो, आणि तिथल्या वॉर्डात त्यांच्या आरोळ्या ऐकू यायच्या. "बोंबलाची नळी चालू आहे का बघा! पापलेटला अजून पाणी पाजलं नाही कुणी?" एकदा एक कडक शाकाहारी आजोबा तक्रार घेऊन आले, की आमच्या नातवाला मांदेली म्हणतात. सिस्टरांनी गंभीरपणे विचार केला आणि त्याचं नाव बदलून भेंडी केलं. आजोबा समाधानानं परत गेले.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. डोंबिवलीहून एक आई आली होती, पाच महिन्यांचं बाळ घेऊन. त्याच्या लघवीचं भोक टोकाला नव्हतं, थोडं अलीकडे, खालच्या बाजूला होतं. मुलग्यांमध्ये हे तितकं विरळ नाही, आणि नीट करता येतं. मी उत्साहात होतो. लेटरहेडवर आकृती काढली, बाण दाखवले, लॅटिन नाव सांगितलं, ऑपरेशनचे दोन प्रकार समजावले. दहा मिनिटांनी त्या बाईनं आकृतीकडे नीट पाहिलं आणि ती रडायला लागली.

सिस्टरांनी माझ्या हाताखालचा कागद काढून घेतला. "डॉक्टर, तुम्ही पुढचा पेशंट बघा," म्हणाल्या आणि तिला पडद्यामागे घेऊन गेल्या. पुढचा पेशंट बघता बघता मी कान तिकडेच ठेवले.

"हे बघ बाय. शू येते ना त्याला?"

"येते."

"चांगली येते?"

"हो."

"मग अर्धं भांडण मिटलं. आता ऐक. आईच्या पोटात ही नळी मुळापासून टोकाकडे शिवली जाते. उशीचा अभ्रा शिवतो ना आपण, तशी. तुझ्या बाळाची शिवण टोकाला पोचायच्या आधी थांबली. एवढंच झालंय. उरलेले टाके डॉक्टर घालतील."

"पण माझं काय चुकलं, सिस्टर?"

"शिवत तू होतीस का?"

"नाही."

"मग झालं. दोरा कुठे संपला ते तुला कसं कळणार?"

बाई रडता रडता हसली. मी एवढी वर्षं शिकून आलो होतो, पण उशीचा अभ्रा कुठल्याच पुस्तकात नव्हता. तेव्हापासून तो मी हजारदा वापरला असेल.

'व्यंग' हा शब्द त्यांना चालत नसे. 'दोष'ही नाही. "घडण म्हणा," त्या सांगायच्या. "घडण वेगळी आहे. व्यंग बोललं की पोर जन्मभर तेच ऐकतं." आणि 'बिचारा' म्हणणाऱ्या नातेवाइकांना तर त्या बाहेर जाऊन पाणी पिऊन यायला सांगायच्या.

त्यांचं खरं वैर मालिशवाल्या बायकांशी. बाळाला आंघोळ घालताना पुढची चमडी जोरानं मागे ओढून तेल घालायची पद्धत आपल्याकडे घरोघर. त्यानं इजा होते, जखम भरताना चमडी आणखी आवळते, आणि मग ती माणसं आमच्याकडे येतात. सिस्टर प्रत्येक आईला विचारायच्या, "कळी हातानं उघडतात का? आपोआप फुलते ना? मग राहू दे तिला. बाहेरून धुवा, बास." एका मालिशवाल्या मावशींना तर त्यांनी दवाखान्यात बोलावून अर्धा तास समोर बसवलं होतं. मावशी बाहेर पडल्या त्या मैत्रीण होऊन. पुढे वर्षानुवर्षं त्या पेशंट पाठवत राहिल्या, निरोपासकट. "बाईला सांगा, चंपानं पाठवलंय. एक गोळी लागत नाय हाताला."

गोळ्यांच्या बाबतीत सिस्टरांचा एक नियम होता आणि तो पाळताना मला फार त्रास व्हायचा. काही मुलग्यांची अंडगोळी जन्मतः खाली पिशवीत उतरलेली नसते. ती कधी जांघेत, कधी पोटात अडकते. पण काहींची खरं तर उतरलेली असते, फक्त थंडी वाजली किंवा भीती वाटली की वर पळते. दोन्हींत फरक करायचा तर मुलाला ऊब हवी. म्हणून तपासायच्या खोलीच्या एसीचा रिमोट सिस्टरांच्या खिशात असायचा. मे महिन्यात मी घामानं निथळत बसलेला आणि एसी बंद. तपासायच्या आधी त्या माझे दोन्ही हात कोमट पाण्याच्या तसराळ्यात बुडवायला लावायच्या. "बर्फाच्या लादीवरनं उठून आल्यासारखे हात घेऊन येता. मी असते तर मीही पळाले असते."

एकदा कल्याणहून सात वर्षांचा अथर्व आला. दोन ठिकाणी सांगितलं होतं, दोन्ही गोळ्या वर आहेत, ऑपरेशन करा. घरचे तारीखच घ्यायला आले होते. मी तपासलं, मलाही हाताला लागेना. सिस्टर म्हणाल्या, "थांबा." त्याला मांडी घालून बसवलं, मांडीवर गरम पाण्याची पिशवी दिली आणि विचारलं, "क्रिकेट खेळतोस का रे? काय जास्त आवडतं? बॅटिंग का बॉलिंग?"

अथर्व बोलायला लागला. सोसायटीच्या मॅचमध्ये त्यानं तीन कॅच कसे घेतले, चौथा कॅच कुणामुळे सुटला, त्या मुलाशी तो आता का बोलत नाही. वीस मिनिटं. सिस्टर मधेच "अरेरे", "मग?" करत होत्या. मग हळूच मला खूण केली. मी गरम हात लावला. दोन्ही गोळ्या खाली, आपल्या जागी, शांत बसलेल्या.

"ऑपरेशन रद्द," मी म्हणालो. अथर्वच्या आईला खरं वाटेना. सिस्टर म्हणाल्या, "लाजाळूचं झाड असतं ना, तसं आहे हे. वर्षातून एकदा आणून दाखवा. आणि तो कॅच सोडणारा मुलगा, त्याच्याशी बोल रे अथर्व. कॅच सगळ्यांचेच सुटतात."

पण खरंच न उतरलेली असेल तर त्या सवलत द्यायच्या नाहीत. "सहा महिने वाट बघायची, मग वाट धरायची," असं त्या आयांना सांगायच्या. सहा महिन्यांत उतरली तर उतरली, नाहीतर पहिल्या वाढदिवसाच्या आसपास ऑपरेशन. "मोठा झाला की होईल" हे वाक्य ऐकलं की त्यांच्या भुवया वर जायच्या.

त्याला कारण होतं. आमच्याकडे एकदा सव्वीस वर्षांचा तरुण आला. अनिकेत म्हणू. साखरपुडा ठरला होता, आणि त्याला स्वतःलाच काही शंका आली म्हणून एकटाच आला होता. लहान मुलांच्या बाकड्यावर गुडघे आवळून बसला होता. तपासलं तर पिशवीच्या दोन्ही बाजू रिकाम्या होत्या. जन्मापासून कुणी पाहिलंच नव्हतं, आणि ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं होतं, होईल. मी त्याला खरं ते सांगितलं. मूल होण्याची शक्यता फार कमी आहे. आणि आत अडकलेल्या गोळीत पुढे कॅन्सरचा धोका असतो, म्हणून ऑपरेशन आताही करायलाच हवं.

त्यानं एकच विचारलं. "मी लहान असताना कळलं असतं तर?"

"बराच फरक पडला असता," मी म्हणालो. खोटं बोलवेना.

तो गेल्यावर सिस्टरांनी ट्रे धुतला. धुतलेला ट्रे त्यांनी परत धुतला. मग आणखी एकदा. संध्याकाळी निघताना म्हणाल्या, "डॉक्टर, शनिवारी दुपारनंतर मी येणार नाही. यापुढे कधीच नाही."

त्या शनिवारपासून त्या अंगणवाड्यांत जायला लागल्या. दिवा स्टेशनजवळच्या दाटीवाटीच्या चाळींत, कल्याणजवळच्या मोहने गावातल्या बंद कारखान्याच्या आसपासच्या वस्तीत, जिथे कुणी बोलावेल तिथे. तिथल्या ताईंना शिकवायच्या: बाळ मुलगा असेल तर दोन गोळ्या मोजा, धार बघा, धार कुठून येते ते बघा. तीनच गोष्टी. पोस्टर नाही, भाषण नाही.

अनिकेतनं त्या मुलीला सगळं खरं सांगितलं. साखरपुडा मोडला. ऑपरेशन झालं, टाके काढायला तो आला तेव्हा सिस्टर शनिवारच्या पिशवीत वजनकाटा भरत होत्या. "कुठे चाललात?" त्यानं विचारलं. "दिव्याला. रिक्षा मिळाली तर." त्यानं मोटरसायकलची किल्ली काढली. पुढची चार वर्षं शनिवारी सिस्टर त्याच्या मागे बसून फिरल्या, डोक्याला हेल्मेट आणि हेल्मेटमधून मागे लोंबणारी अबोलीची वेणी. त्याच फेऱ्यांत मोहन्याच्या एका अंगणवाडीताईशी त्याचं जमलं. तिला तर काही वेगळं समजावून सांगायचीही गरज नव्हती, सगळं सिस्टरांनीच शिकवलेलं. त्यांनी एक मुलगी दत्तक घेतली. पेढे द्यायला आले तेव्हा सिस्टर मला म्हणाल्या, "बघितलं, मी म्हणजे अंगणवाडी नाही, वधूवर सूचक मंडळ आहे."

आता दिव्याच्या संदेशची गोष्ट सांगतो.

संदेश एका कंपनीत इलेक्ट्रिशियन. त्याची बायको प्रियांका, दहा महिन्यांचा मुलगा, आणि गुहागरकडून आलेली आई. बाळाला तेच, शिवण अलीकडे थांबलेली. मी तपासत होतो आणि आजी बोलत होत्या.

"हिनं ग्रहण पाळलं नाही, डॉक्टर. मी सांगत होते, आडवी पड, हलू नकोस. ही बसली भाजी चिरत. मग होणारच ना असं."

प्रियांका मान खाली घालून बाळाचं टोपडं सारखं करत होती. ते टोपडं केव्हाचं नीट होतं. सिस्टरांनी काहीतरी निमित्त काढून सासूसुनेला बाळासकट रक्त द्यायला खाली पाठवलं. संदेश मागे राहिला. बराच वेळ त्यानं खिशातला टेस्टर काढला, ठेवला, काढला.

"डॉक्टर, हे बापाकडून येतं का?"

मी तोंड उघडणार होतो. घराण्यात असू शकतं, पण बहुतेक वेळा कारण कळत नाही, वगैरे. सिस्टरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि स्वतः स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"बोला दादा."

"मी पण असाच आहे," संदेश म्हणाला. "लहानपणापासून. मी कधी उभं राहून जात नाही. शाळेत, कंपनीत, कधीच. दरवाजा लावूनच. मला वाटायचं, जगात मी एकटाच असा आहे. लग्नाच्या आधी महिनाभर मला नीट जेवण गेलं नाही. हिला पण अजून नीट सांगितलेलं नाही."

बत्तीस वर्षांचा माणूस. सिस्टरांनी त्याच्या हातातला टेस्टर काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "आज जेवलात का?"

"नाही."

"मग आधी चहा-बिस्कीट घ्या. या खोलीत तुमच्यासारखे किती येऊन गेले माहितीये? सगळ्यांना वाटत होतं, आपण एकटे."

चहा झाल्यावर मी त्यालाही तपासलं. अगदी सौम्य होतं, काहीच करायची गरज नव्हती. तसं सांगितल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आणि पोरगा झालाय की तुम्हाला! याहून मोठं सर्टिफिकेट कोण देणार?" संदेश हसला, पण डोळे पुसत. घरी काय सांगायचं, कुणाला सांगायचं, हे त्यांनी त्याच्यावर सोडलं. "तुमची गोष्ट आहे. तोंड तुमचं, वेळ तुमची."

ऑपरेशनच्या दिवशी मी आत होतो. बाहेर बाकावर आजी शेजारच्या अनोळखी बाईला ग्रहणाची हकीकत पहिल्यापासून सांगत होत्या. पुढचं मला सिस्टरांनी नंतर, सगळ्यांचे आवाज काढून सांगितलं. संदेश उठला आणि आईसमोर उभा राहिला.

"आई, ग्रहण नव्हतं गं ते. माझ्याकडून आलंय त्याला. मी पण तसाच आहे."

प्रियांकानं मान वर केली. आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मला ठाऊक आहे."

"तुला ठाऊक आहे?"

"तुला न्हाऊ-माखू कोण घालत होतं? मीच ना? पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे." आणि मग त्या रडायलाच लागल्या. "तुझ्या वेळी ग्रहणात मी भाकऱ्या थापल्या होत्या रे. शेतावरनं माणसं आलेली, उपाशी कशी ठेवायची? मला वाटलं, माझ्याच हातून झालं. कुणाला बोलले नाही. तुझ्या बाबांना पण नाही."

बत्तीस वर्षं ती बाई ते ओझं घेऊन फिरत होती, आणि सून दिसल्यावर तिच्या डोक्यावर ठेवून मोकळं व्हायला बघत होती. प्रियांका उठली. नवऱ्याकडे गेली नाही, सासूच्या शेजारी जाऊन बसली. "आई, भाकऱ्यांनी काही होत नाही हो," म्हणाली. "भाजीनं पण नाही."

सगळे रडत होते. शेजारची अनोळखी बाईसुद्धा. तेव्हा सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आयो! एक गिराण नि दोन बायका तेच्यात अडकल्यात. आता सोरा की त्याला!" आणि लहानपणी ग्रहण सुटताना गल्लीत ऐकलेली आरोळी त्यांनी त्या कॉरिडॉरमध्ये ठोकली, "दे दान, सुटे गिराण!"

मी आतून हसण्याचा आवाज ऐकला आणि भूलतज्ज्ञाला म्हणालो, "बाहेर काय चाललंय?" तो म्हणाला, "तुमच्या सिस्टर आहेत. काहीही चालू असू शकतं."

बाळाची शिवण उत्तम बसली. आठवड्यानं नळी काढली तेव्हा पहिली धार माझ्या शर्टावर आली. आजींनी टाळ्या वाजवल्या.

धारेवरून आठवलं. सिस्टरांना रविवार पाळता येत नसे, याचं उदाहरण. एका रविवारी दुपारी मी घरी आमटी-भात जेवत होतो. बेल वाजली. दारात सिस्टर, पण मी क्षणभर ओळखलंच नाही. हिरवं कोळी पद्धतीचं लुगडं, गळ्यात-कानात सोनं, डोक्यात गजऱ्यांचा ढीग, आणि तोंडाला हळद. भाचीच्या हळदीतून तशाच उठून आल्या होत्या. मागे एक घाबरलेली मुलगी, तिच्या हातात दीड महिन्याचं बाळ, आणि तिच्यामागे चकचकीत जाकीट घातलेला एक माणूस.

"डॉक्टर, हात धुवा. धार नाय याला. थेंब हायत. थेंब थेंब, ते पन जोर करून." कोळीवाड्याची मराठी चालू होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

ते जाकीटवाले हळदीतले बेंजो वाजवणारे. बायको-मूल सोबत आणलं होतं. मंडपात एका कोपऱ्यात ती बाळाचं लंगोट बदलत होती आणि सिस्टर नाचता नाचता थांबल्या होत्या, कारण बाळ कण्हत होतं आणि धार येत नव्हती. सगळे म्हणाले, लहान आहे, होईल. सिस्टर त्या तिघांना रिक्षात घालून घेऊन आल्या.

मी बाळाच्या पोटावर हात ठेवला. बेंबीखाली घट्ट चेंडू. तुडुंब भरलेली लघवीची पिशवी. काही मुलग्यांच्या लघवीच्या नळीत जन्मतःच एक पडदा असतो, त्यामुळे लघवी अडते, मागे साचत जाते आणि मूत्रपिंडं खराब करत जाते. बाहेरून सगळी घडण छान दिसते, म्हणून कुणाला कळत नाही. त्याच दुपारी नळी घालून पिशवी मोकळी केली, आठवड्याच्या आत मोठ्या हॉस्पिटलात दुर्बिणीनं पडदा कापला. एक मूत्रपिंड निम्मं गेलं होतं, दुसरं वाचलं. आणखी महिनाभर गेला असता तर दोन्ही गेली असती. तो मुलगा आता सातवीत आहे. वर्षातून एकदा तपासणीला येतो आणि पाण्याची बाटली गळ्यात अडकवूनच येतो.

भाची मात्र रुसली होती. "आत्या, माझ्या हल्दीचा बेंजोच उचलून नेलास!"

सिस्टर म्हणाल्या, "बेंजो परत वाजंल गो. किडनी कोन वाजवनार?"

सिस्टर चौसष्टाव्या वर्षी थांबल्या. गुडघे ऐकेनात. त्यानंतर भेटी कमी झाल्या, सणासुदीला फोन व्हायचा. शेवटचं भेटलो ते दोन वर्षांपूर्वी, डोंबिवलीत एका लग्नात.

आमच्या पेशंटांच्या लग्नांत एक गंमत असते. आईवडील प्रेमानं बोलावतात, पहिल्या रांगेत बसवतात, पण आम्ही कोण हे कुणाला सांगता येत नाही. मी अशा लग्नांत 'फॅमिली फ्रेंड' असतो. ओंकारच्या लग्नातही होतो. एक वर्षाचा असताना त्याचं पहिलं ऑपरेशन केलं होतं, टाक्यांतून एका जागी लघवी गळायला लागली म्हणून दीड वर्षानं दुसरं. त्या वेळी सिस्टरांनी त्याला तीन आठवडे कडेवर घेऊन वॉर्ड फिरवला होता. आता स्टेजवर तो सहा फुटांचा, फेटा बांधून उभा होता.

आम्ही दोघं आहेर द्यायला वर गेलो. नवरीच्या मामी तिथे उभ्या होत्या, चौकस. सिस्टरांना म्हणाल्या, "तुम्ही मुलाकडच्या कोण?"

सिस्टर सराईतपणे म्हणाल्या, "मी मुलाच्या आईची मैत्रीण."

ओंकारनं ते ऐकलं. फेटा सावरत वळला. "नाही हो, मामी. या माझ्या सिस्टर. लहानपणी माझं शूच्या जागेचं ऑपरेशन झालं होतं, दोनदा. हे माझे डॉक्टर, आणि यांनी मला सांभाळलं. यांच्या इतक्या साड्या मी भिजवल्यात की आजचा आहेर मीच त्यांना द्यायला पाहिजे."

नेहमीच्या आवाजात बोलला. खाली खुर्च्यांत बसलेल्यांनाही ऐकू गेलं असणार. मामींचा हात गालावर गेला. नवरी हसून म्हणाली, "मला माहितीये, मामी. मला फोटो पण दाखवलाय यानं, सिस्टरांच्या कडेवरचा. कसला रडका होता!"

फोटोग्राफर ओरडला, "सगळ्यांनी इकडे बघा!" आम्ही बघितलं. सिस्टर तेवढ्या बघत नव्हत्या. त्या मान वर करून त्या सहा फुटी मुलाकडे बघत होत्या. स्टेजच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. गुडघ्यांसाठी असेल.

"बोलला रं डॉक्टर," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी 'रं' म्हटलं नव्हतं. "सगल्यांच्या म्होरं बोलला."

जेवणं झाली. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. पुढे चार महिन्यांनी त्या गेल्या, दुपारी जेवून आडव्या पडल्या होत्या, उठल्याच नाहीत. पण त्या दिवशी छान होत्या. रिक्षात बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, मला हात केला. रिक्षा कोपऱ्यापर्यंत गेली आणि वळायच्या आधी बाजूला घेऊन थांबली. मला वाटलं काही विसरलं, म्हणून मी दोन पावलं पुढे गेलो. विसरलं काही नव्हतं. सिस्टर पुढे वाकून, हातवारे करून काहीतरी समजावत होत्या, आणि ड्रायव्हर रिक्षा बंद करून, पूर्ण मागे वळून, कान देऊन ऐकत होता. त्याच्या घरी लहान मुलगा असणार.